फिरकीचा तांब्या

बुलढाणा
२ मे १९६५

चि. सौ. स्नेहलता,

आशीर्वाद. हे पत्र तू फोडशील की नाही, ठाऊक नाही. तीन वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर आलं नाही, तेव्हा यालाही येईल असं धरून मी बसलेली नाही. पण उद्यापासून आम्ही घरी नाही, हे तुला कळायला हवं. उगाच कुणाकडून ऐकशील आणि आईबाप कुठे परागंदा झाले म्हणून काळजी करशील. करशील ना?

नाना फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले. कचेरीत हार, पेढे, भाषणं सगळं झालं. हेडक्लार्क चिंतामणराव म्हणजे जिल्ह्याचा चालता नकाशा, असं साहेब म्हणाले म्हणे. घरी येऊन नानांनी हार खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "नकाशा खरा, पण चालता कुठला? तीस वर्षं त्या खुर्चीत बसून गावांची नावं लिहिली. त्यातली दहासुद्धा मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत."

तेवढ्यावर थांबतील ते नाना कसले. चिखलीच्या एका कापसाच्या जिनाच्या आवारात लढाईच्या वेळची एक जीप सहा वर्षं लिंबाखाली उभी होती. चिमण्यांनी तिच्यात घरटी केली होती. माणिकराव मिस्त्री आणि नाना दोन महिने तिच्यापुढे ठाण मांडून बसले आणि एक दिवस ती खोकत खोकत आपल्या दारात आली. मागे एक दोन चाकांचा ट्रेलर जोडलेला. लष्करात त्यातून म्हणे काडतुसं नेत. आता त्यात वळकट्या, स्टोव्ह, शिधा आणि गोड्या पाण्याचं एक मोठं पिंप आहे. पिंपाला मी ओलं पोतं गुंडाळलं आहे.

तिसरा सोबती नाझर. तू त्याला पाहिलेलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी पावसात दारी आलेलं कुत्र्याचं पिल्लू, आता चांगला वासराएवढा झाला आहे. कचेरीतल्या नाझरसाहेबांशी नानांचं कधी पटलं नाही हे तुला माहीत आहे. हाही दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हुंगतो, म्हणून याचं नाव नाझर. नाना दिवसातून वीस वेळा "नाझर, खाली बैस" म्हणतात आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळतो.

शेजारच्या सरस्वतीबाई म्हणाल्या, "वैशाखात कुनी फिराले जाते का? डोकं फिरलं का तुमचं?" पण नाल्यांतून, काळ्या मातीच्या गाडवाटांतून ही जीप जायची ती उन्हाळ्यातच. आधी मेहकर आणि लोणार, मग खामगाव, शेगाव. शेगावहून तुझं गाव सात कोस. नाना रोज विचारतात, "स्नेहलकडे जायचं ना?" मी म्हणते, "बघू."

ते पाण्याचं झालं ते झालं. त्यावर इतकी वर्षं अबोला धरू नये. आम्ही आलो तर दार उघडशील का, एवढंच मला कळायला हवं आहे. बाकी काही मागत नाही.

फिरकीचा तांब्या सामानात घेतला आहे. झाकण घट्ट बसतं, प्रवासात सांडत नाही.

तुझी आई


मेहकर
६ मे

स्नेहल,

आम्ही सुखरूप आहोत आणि खरं सांगू, मजेत आहोत. एवढी मजा मला या वयात अपेक्षित नव्हती.

ट्रेलर लावलेल्या गाडीची एक खोड आहे, ती आम्हाला इथे कळली. पुढे ती गरीब गायीसारखी चालते. मागे घ्यायला गेलं की ट्रेलर भलतीकडेच तोंड फिरवतो. चाक डावीकडे वळवा, तो उजवीकडे पळतो. काल नाना एका चिंचोळ्या गल्लीत शिरले. पुढे भिंत. मागे घेता घेता ट्रेलर एका ओट्याला जाऊन भिडला आणि जीप आडवी झाली. अर्धं मेहकर जमलं. उकंडराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर पान जमवत बसले होते. त्यांनी शांतपणे चुना लावला, पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "सायेब, आधी वासरू सोडा. मंग गाय वळवा."

मग वासरू सोडलं. सहा जणांनी ते उचलून फिरवलं. तेव्हापासून आमच्या ट्रेलरचं नाव वासरू. नानांनी मात्र त्या गल्लीत घामाघूम होऊन नेम केला, "जिथून सरळ बाहेर पडता येत नाही, तिथे शिरायचं नाही." मला हा नेम पटला. बायकांनी तर लहानपणीच करावा असा आहे.

चिखलीच्या पुढे एका गावाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं लागली. चांगली पन्नास-साठ. नानांनी गाडी थांबवली, कचेरीतल्या गावांची नावं उतरवलेली आपली वही काढली, गावाचं नाव विचारलं आणि पानं उलटून ते शोधलं. मग म्हणाले, "एक्केचाळीस साली ही झाडं लावायचा कागद माझ्या हातून गेला होता. मी त्यावर 'मान्यतेस्तव सादर' असं लिहिलं होतं." आम्ही तिथेच भाकरी सोडली. नाना कांदा फोडायचं विसरून वर फांद्यांकडे बघत होते. मला म्हणाले, "अगं, कागदाची सावली पडते." वहीत त्या गावापुढे त्यांनी खूण केली, आणि पुन्हा एकदा केली.

पैनगंगेत पाणी नाही, नुसती वाळू. पण वाळूत टरबुजांच्या वाड्या आहेत. बनाबाई म्हणून एक बाई तिथे राखणीला बसते. तिने टरबूज मांडीवर घेऊन बोटाने वाजवलं, कान लावला आणि म्हणाली, "हे नको, हे अजून झोपेल हाय." दुसरं दिलं. लालबुंद निघालं. नाझरने ओल्या वाळूत खड्डा करून त्यात पोट टेकलं आणि संध्याकाळपर्यंत उठायला तयार नव्हता.

शाळेच्या ओसरीवर मुक्काम आहे. मास्तर सुट्टीवर, फळ्यावर मार्चमधला सुविचार तसाच आहे. तिकडे कच्छच्या रणाच्या बातम्या पेपरात रोज येतात. नाना म्हणतात, त्यांचं रण त्यांना, आपलं आपल्याला.

तुला टरबूज आवडायचं. बियांसकट खायचीस आणि पोटात वेल उगवेल म्हणून रडायचीस.

आई


लोणार
९ मे

स्नेहल,

आज पहाटे आम्ही खाली सरोवरात उतरलो. जमीन कुणीतरी भल्या मोठ्या डावाने खरवडून काढावी तसा तो खळगा आहे. कडेला झाडी, मोर, पडकी देवळं, आणि तळाशी हिरवं, दाट, जराही न हलणारं पाणी. उन्हाळ्याने पाणी मागे हटलं आहे, काठावर पांढरा खार साचून त्याची पापडी झाली आहे. पावलाखाली ती करकर मोडते. नाझरला वाटलं पाणी म्हणजे पाणी. धावत गेला, दोन घोट घेतले, आणि मग जे शिंकायला लागला! नानांकडे त्याने असं पाहिलं, जणू त्यांनीच हे कालवून ठेवलं होतं.

आणि वर चढून आलं की तिथेच धार. गोमुखातून बारा महिने गोडं पाणी पडतं. खाऱ्याच्या उशाशी गोडं. मी तिथे कपडे धुवायला बसले. शेजारी गोजरबाई नावाची एक बाई लुगडं आपटत होती. आपण बोललो नाही तरी ती बोलल्याशिवाय राहणार नाही अशातली.

"कुठून आल्या?"

"बुलढाण्याहून."

"लेकरं?"

"एक लेक."

"कुठी देली?"

"शेगावाकडे. खारपाणात."

"आई गं! मंग लेकीच्या घरी पानी कसं पेता वं माय?"

मी म्हणाले, "पीत नाही."

तिला वाटलं, पाणी खारं म्हणून. ती हळहळली, "बिचारी पोर!" मी तिची समजूत दुरुस्त केली नाही. लुगडं पिळत बसले. पण तेव्हापासून ते शब्द माझ्या कानातून जात नाहीत, म्हणून आता लिहिते. पहिल्या पत्रात "ते पाण्याचं झालं ते झालं" असं एका ओळीत गुंडाळून टाकलं, ते बरोबर नव्हतं.

चैत्र होता. तुझ्या सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, गौर मांडली होती. आरास सुंदर होती, कलिंगडाची कमळं तू कापली होतीस. ओसरी बायकांनी भरली होती. तू कैरीची डाळ आणि पन्ह्याचा पेला माझ्यापुढे धरलास. मी पेला बाजूला ठेवला. पिशवीतून तांब्या काढला, फिरकी सोडली आणि घरून आणलेलं पाणी प्यायले. सगळ्यांदेखत. मंजुळाबाईंनी हसून सावरायला पाहिलं. म्हणाल्या, "ईनबाई, आमचं पानी खारं हाय खरं. डाळ शिजत नाई त्याच्यात, चुलीपाशी बसून बसून बाई म्हातारी होते. पन घोटभर घेतलं त काई होत नाई." तिथे मी हसले असते तरी निभावलं असतं. मी म्हणाले, "खाऱ्याचं काही नाही हो. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, असा आमच्याकडे नेम आहे."

तुझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. तू पेला उचललास आणि आत गेलीस. मी निघेपर्यंत बाहेर आली नाहीस.

नेम माझ्या आईचा. माझंही लग्न होऊन चार वर्षं घर रिकामंच होतं. आई पाच मैल चालून यायची, पायरीवर बसायची, पदराने वारा घ्यायची. ओठ सुकलेले असायचे. मी आत पाण्याच्या हंड्याशी उभी. आईला वाटायचं, ती लेकीचा मान राखते आहे. मला वाटायचं, मी तिला पाणीसुद्धा देण्याच्या लायकीची नाही. तुझा जन्म झाला तेव्हा तिने माझ्या हातचं पाणी पहिल्यांदा घेतलं, आणि मी ते जुनं सगळं विसरून गेले. इतकं साफ विसरले की पुढे तुझ्या ओसरीवर तिचंच वाक्य तिच्याच आवाजात बोलले.

नाना हाका मारत आहेत. गाडी तापली आहे, तिला पिंपातलं पाणी पाजायचं आहे. ते इथे आल्यापासून रोज सकाळी मी धारेवर गेले की जीप घेऊन माळावर जातात. काय करतात विचारलं तर म्हणतात, इंजिनाचा आवाज ऐकतो.

आई


शेगाव
१४ मे

स्नेहल,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझ्या हातात देईन. मधल्या मध्ये दुसऱ्या कुणी ते फोडायला नको.

खामगाव सुटलं आणि जमीन बदलली. काळी, सपाट, भेगाळलेली. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. विहिरी आहेत, त्यांना पाणीही आहे, पण कडेच्या दगडांवर पांढरा थर बसलेला. झाडं लांब लांब. क्षितिजावर सातपुड्याची एक निळी रेघ. सात वर्षं तू या मातीत राहतेस आणि मी आज पहिल्यांदा ती नीट पाहिली. मागे आले तेव्हा एसटीच्या खिडकीशी डोळे मिटून बसले होते.

सकाळी देवळात जाऊन आलो. दर्शन छान झालं. मग लॉजच्या अंगणात नाना लिंबाखाली ट्रेलरची ट्यूब काढून बसले, आणि मी त्यांच्याशेजारी हा कागद घेऊन. आता लिहिते ते आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी माघात तुझं पत्र आलं होतं. मला ते पाठ आहे. "आई, तीन महिने झाले होते, राहिलं नाही. कुणाला सांगू नकोस. नानांनासुद्धा नको, ते फार मनाला लावून घेतील. मला बरं वाटत नाही. तू ये." नाना कचेरीत होते. मी ते चारदा वाचलं आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.

तू 'ये' म्हणालीस ते माघात. मी आले चैत्रात. घरात पापड व्हायचे होते, कुणाचं लग्न होतं, अशी कारणं होती. खरं कारण, अशा वेळी लेकीला काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. आणि दोन महिन्यांनी येऊन भरल्या ओसरीत ते वाक्य बोलले. मला माहीत नव्हतं असं नाही, स्नेहल. मला माहीत होतं. तुझं पत्र मी चारदा वाचलेलं होतं.

तू गप्प झालीस तेव्हा नानांनी विचारलं, "काय झालं ग तिला?" मी म्हणाले, "सासरचं वारं लागलं, हट्टी झाली आहे." तीन वर्षं त्यांना तेच सांगत आले.

आत्ता इथवर लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते बादलीत ट्यूब बुडवून भोक शोधत होते. बुडबुडे कुठून येतात ते दिसत होतं, मलासुद्धा दिसत होतं, तरी ते ट्यूब फिरवत राहिले. मग म्हणाले, "तीन वर्षं मी माझ्या लेकीला हट्टी म्हणत होतो."

त्यांनी ट्यूब पुसली, ठिगळ लावलं, अंगठ्याने दाबून धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी निघू. आता 'बघू' नको म्हणूस."

आई


रोहिणखेड
१९ मे

स्नेहल,

तुझ्याकडून निघून आज दुसरा दिवस. काल मोताळ्याला थांबलो, बाजाराचा दिवस होता, नानांनी टोपी घेतली. आज इथे जुन्या मशिदीसमोर लिंबाच्या सावलीत स्टोव्ह पेटवला आहे. मशीद फार देखणी आहे. दगडातली नक्षी बोटाने चाचपावी अशी. एवढी जवळ असून तीस वर्षांत आम्ही कधी आलो नाही. नानांनी वहीत खूण केली.

तुझ्याकडच्या त्या तीन दिवसांबद्दल तुलाच काय लिहायचं? पण तू दारात उभी होतीस आणि मी दाराबाहेर. माझ्या बाजूने ते कसं होतं, ते तुला ठाऊक नाही.

त्या सकाळी तुझ्या गावच्या अलीकडे रस्त्यात बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. गोड्या पाण्याची बैलबंडी यायची होती, आली नव्हती. आशाबाई नावाच्या बाईने हात केला, "भाऊ, पिंपात काय हाय?" नाना म्हणाले, "पाणी." मी खाली उतरले, पिंपाची तोटी सोडली आणि म्हणाले, "भरून घ्या." नाना ओरडले, "अगं, सगळं नको! इंजिनाला काय पाजू?" मी म्हणाले, "व्याह्यांच्या विहिरीचं पाजा." "रेडिएटरात खार धरेल!" "धरू दे." सात हंडे भरले. शेवटी तांब्याची फिरकी सोडून तोही मी आशाबाईच्या घागरीत उपडा केला. तुझ्या दारात जवळ पाणी असतं तर मी पुन्हा त्या चैत्रातलंच केलं असतं. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

माझा बेत होता गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. नाझरला घेऊन नानांनी आधी जायचं, तू ये म्हणालीस तर मी यायचं, नाहीतर गाडी सरळ पुढे. नानांचा नेमच होता तसा. पण नानांनी गल्ली आली तशी गाडी आत घातली, ती थेट तुझ्या ओट्यापर्यंत. पुढे गोठ्याची भिंत. मी म्हणाले, "अहो, इथून वळणार कशी?" "नाही वळणार," म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

ओट्यावर बाजेवर कुरडया वाळत होत्या. नाझर उतरला तो सरळ त्यांच्याकडे. मंजुळाबाई काठी घेऊन धावल्या, "हाड! कोनाचं बे हे कुत्रं?"

नाना म्हणाले, "आमचा नाझर."

"नाझरसायेब काय? मंग बसाले पाट टाका त्याले!" आणि मग माझ्याकडे बघून, "आल्या का ईनबाई? वासरासकट आल्या! या. तुमची सारी पत्रं तुमच्या जावयानं, उद्धवनं, वाचून दाखवली मले. ते लिंबाच्या झाडाचं तर दोनदा वाचाले लावलं. हे तुमची लेक हातात घेत नाई, पन दाराआडून सारं आयकते. काल डाक आली नाई त दोनदा इचारलं, 'आज काई नाई का?'"

तेवढ्यात तू दारात आलीस. हाताला कुरडयांचा चीक लागलेला. केस कानाशी थोडे पांढरे झालेत तुझे, सव्विसाव्या वर्षी. मी किती तयारी केली होती काय बोलायचं त्याची. तू पिंपाकडे पाहिलंस. म्हणालीस, "पाणी बरोबर आणलं असशील."

मी म्हणाले, "नाही. पिंप रिकामं आहे. तांब्याही रिकामा आहे. मला प्यायला दे."

तू हलली नाहीस. स्नेहल, एवढा वेळ मी आयुष्यात कधी उभी राहिले नसेन. मंजुळाबाईच म्हणाल्या, "दे ना वं मायले पानी! काऊन खांबावानी उभी हायेस?" तू आत गेलीस. भांड्यांचा आवाज आला, मग आलाच नाही. इकडे नाझरने गोठ्यातल्या टाक्यात तोंड घातलं होतं आणि लपालपा पीत होता. लोणारला शिंकलेला हाच तो. मला वाटलं, माझ्या आधी याचा नंबर लागला.

मग तू पेला आणलास. तोच, पन्ह्याचा होता तो. मी ओळखला. दोन्ही हातांनी तो घेतला. पाणी जड होतं, खारट आणि शेवटी किंचित कडू. मी सगळं प्यायले आणि पेला पुढे केला, "अजून दे." तू म्हणालीस, "आई, पुरे. सवय नसली की बाधतं."

बाधलंच. ते तुला नव्याने सांगायला नको, ताक तूच देत होतीस. पण "आई" म्हणालीस ते मी पोटदुखीतही विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी कुरडया उलटवताना मंजुळाबाई मला म्हणाल्या, "येक सांगू का ईनबाई? त्या चैत्रात पन्ह्याले पानी इहिरीचं नोतं. तुमी येनार म्हून तीन कोसावरून बंडीनं गोडं आनलं होतं. उद्धव पहाटीच गेलता." मी बाजेला धरून बसले. म्हणाले, "तेव्हा का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तुमी नेमाचं बोल्ल्या. मंग पान्याचं काय बोलाव?" आणि एक मोडकी कुरडई नाझरपुढे टाकून हसल्या. या बाईच्या घरात तू आहेस, याचं मला आता फार बरं वाटतं.

शेगावचं पत्र मी तुला परसात दिलं. तू ते न उघडता कमरेला खोचलंस. वाचलंस का, मी विचारलं नाही. वाचून तुला काय वाटलं ते मला ऐकायचं आहे, आणि भीतीही वाटते. तू सांगशील तेव्हा ऐकेन. मी चैत्रात आले ते उशीर होता, हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी 'ये' म्हणालीस तर पहिल्या गाडीने येईन. नातवंड होवो, न होवो, तुझ्या घरी आता मी पाणी मागून पिणार.

एक गंमत. निघताना उद्धवराव चार माणसं घेऊन वासरू उचलायला आले. नाना म्हणाले, "राहू द्या." आणि तोंड मागे करून त्यांनी ती जीप ट्रेलरसकट अख्खी गल्ली सरळ मागे नेली, एका ओट्याला धक्का न लावता. मंजुळाबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्या तू पाहिल्याच. गावाबाहेर आल्यावर मी विचारलं, "हे कधी शिकलात?"

"लोणारला. तू धारेवर कपडे धूत होतीस तेव्हा."

"मग तिच्या दारात 'वळणार नाही' म्हणालात ते?"

"वळणार नाही म्हणालो. मागे घेता येत नाही असं कुठे म्हणालो?"

तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसापुढे कोण बोलणार!

आता शेवटचं. काल सकाळी सामान भरताना मला तांब्या सापडेना. बघते तो तू विहिरीवर. मी लांबून पाहत होते. तू तांब्या राखेने घासलास, विसळलास, तुमच्या विहिरीचं पाणी काठोकाठ भरलंस आणि फिरकी घट्ट लावलीस. ट्रेलरमध्ये माझ्या वळकटीला टेकवून ठेवलास. वाटेत मी तो मांडीवर घेऊन बसले.

नांदुऱ्याला नानांनी पिंप गोड्या पाण्याने भरून घेतलं. तांब्याला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. आज इथे त्यातलं पाणी पातेल्यात ओतलं आणि तुरीची डाळ घातली. मीठ घातलं नाही.

नाना दोनदा येऊन झाकण उचलून गेले. "अगं, पिंपात गोडं पाणी आहे, त्यात टाक की. भूक लागली." मी म्हणाले, "भाकरी आहे, ठेचा आहे. तोवर ते खा." नाझर तर वाट बघून झोपून गेला.

डाळ चढवून दीड तास झाला. मघाशी एक दाणा काढून बोटात दाबून पाहिला. अजून शिजलेला नाही. स्टोव्हमध्ये रॉकेल पुष्कळ आहे, सावली अजून लांब झालेली नाही, आणि मला कसलीही घाई नाही.

तुझी आई